सासूबाईंचा अर्धा चेहरा

माझ्या सासूबाईंच्या चेहऱ्याला साबणापलीकडे काही माहीत नव्हतं, आणि साबण म्हणजे तोही अंगाचाच. थंडीत ओठ फुटले तर स्वयंपाकघरात जाऊन तेलाचं बोट फिरवायच्या, की झाला शृंगार. दुसऱ्यांचे चेहरे मात्र त्यांनी जन्मभर नटवले, आणि बहुतेकांना न भेटता.

त्या एका फोटो स्टुडिओत कामाला होत्या. पुढे, दिवे आणि पडदे असतात तिथे नव्हे. मागच्या अरुंद खोलीत. तिथे उतरत्या मेजात एक दुधी काच बसवलेली होती. काचेखालचा आरसा खिडकीचा उजेड वर फेकायचा आणि काचेवर ठेवलेली निगेटिव्ह उजळून निघायची. डोळ्याशी भिंग, हातात सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं हे आता समजावून सांगावं लागतं. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. डोळ्याखालच्या सुरकुतीची सावली तिथे पांढुरक्या रेघेसारखी दिसते. त्या रेघेत पेन्सिलीने बारीक बारीक टिंबं भरत गेलं की छापलेल्या फोटोत सुरकुती विरून जाते. थोडक्यात, सासूबाईंच्या धंद्यात काळं केलं की उजळायचं.

हात इतका सफाईचा की एकदा त्यांनी कुणा वकिलाच्या बायकोचा चेहरा जरा जास्तच स्वच्छ केला. वकील फोटो घेऊन परत आले आणि काउंटरवर म्हणाले, "फोटो छान आहे, पण ही माझी मेहुणी आहे. बायकोचा द्या." तेव्हापासून मालकांनी त्यांना बजावलं होतं, बाई, थोडं शिल्लक ठेवत जा. हा किस्सा सासूबाई स्वतःच सांगतात आणि शेवटी न चुकता म्हणतात, "मेहुणी त्यांना आवडायची, ते नाही कुणाला सांगितलं त्यांनी."

पुढे कॉम्प्युटर आले, पेन्सिली बंद झाल्या, सासूबाई घरी आल्या. त्यानंतर कितीतरी वर्षांनी, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांच्या तोंडाला पहिल्यांदा क्रीम लागलं. त्याला कारण आमची मुलगी.

मुलीला आम्ही खारू म्हणतो, कारण ती खारीसारखी एका फांदीवर टिकत नाही. हिशेबाचा कोर्स घेतला, सोडला. घरसजावटीचा घेतला, त्यातले पडदे तेवढे शिकली आणि सोडला. सोडायच्या आधी तिचा खालचा ओठ एका बाजूला ओढला जातो. तो ओढलेला ओठ मी दोनदा पाहिला होता आणि तिसऱ्यांदा पाहायची माझी ताकद नव्हती. आता ती मेकअपच्या एका मोठ्या दुकानात लागली होती. लागली म्हणजे तात्पुरती. बिल्ल्यावर नाव नव्हतं, नुसतंच 'प्रशिक्षणार्थी'. दुकानाच्या मॅडमनी सांगून टाकलं होतं, "आपल्याकडे वयस्कर बायका येतात, वास घेतात आणि जातात. त्यांच्यासाठी एक दिवस ठेवू. तू तुझ्या ओळखीतली एक साठीपुढची बाई आण, खुर्चीत बसव, लोकांसमोर मेकअप कर. त्या दिवसाचं काम बघून तुला कायम करायचं की नाही ते ठरवते."

खारूने घरी येऊन आधी माझ्याकडे पाहिलं.

"मी साठीची नाही," मी म्हणाले.

"काळजीने दिसतेस तेवढी," ती म्हणाली, "पण आजीच बरी. आजी, तुझा चेहरा देतेस का?"

सासूबाई वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "परत देणार असशील तर ने."

मग घरात प्रयोगशाळाच सुरू झाली. दुकानातून चाचणीच्या छोट्या बाटल्या यायच्या आणि सासूबाई जेवणाच्या टेबलाशी मान मागे टाकून बसायच्या. आधी सगळं कानामागे लावून बघायचं, पुरळ येत नाही ना ते पाहायचं, हा खारूचा नियम. मला तो नियम फार पटला. इतका, की मी दर थोड्या वेळाने टॉर्च घेऊन त्यांच्या कानामागे बघू लागले.

"अगं, क्रीमने नाही आलं तर तुझ्या टॉर्चने येईल पुरळ," सासूबाई म्हणाल्या.

"आई, लाल दिसतंय जरा."

"तू इतक्यांदा कान ओढलास. लाल होईल नाही तर काय."

प्रत्येक बाटलीवर त्यांचा शेरा ठरलेला. चेहऱ्यावर थेंब थेंब टाकायचं ते सीरम त्यांना अजिबात आवडलं नाही. "नुकत्याच रंगवलेल्या दारासारखं चिकटतंय. माशी बसली तर तिला सोडवायला माणूस लागेल." उन्हासाठीच्या क्रीमने त्या पांढऱ्याफटक दिसल्या, तेव्हा आरशात बघून म्हणाल्या, "मी गेल्यावर लावा हे. आत्ता घाई नको." चेहऱ्यावर चिकटवायचा ओला कागदी मुखवटा लावून त्या खुर्चीत पडल्या होत्या, तेवढ्यात आमचे हे कामावरून आले. दारातच थबकले.

"आई, बरं नाही का?"

"मी घरात नाही," मुखवट्याच्या भोकातून आवाज आला. "अर्ध्या तासाने ये."

रात्रीचं क्रीम मात्र त्यांना मनापासून आवडलं. लावल्यावर त्या गालावरून हात फिरवत बसायच्या. एकदा मला जवळ बोलावून म्हणाल्या, "हात लावून बघ." मी लावला. इतक्या वर्षांत मी त्यांच्या पायांना तेल लावलं होतं, तापात कपाळावर हात ठेवला होता, पण गालाला हात पहिल्यांदाच लावला. जुन्या, पुष्कळदा धुतलेल्या सुती कापडासारखा मऊ होता. मी म्हटलं, "कानामागे एकदा बघू का?"

खारूचंही शिकणं चाललं होतं. पावडर जास्त झाली की ती सुरकुत्यांत जाऊन बसते आणि बाई दहा वर्षांनी म्हातारी दिसते, हे तिला आजीच्या तोंडावर कळलं. चमचमणारा रंग पापणीला लावला तर तो घडीत साचला. "खिडकीच्या जाळीत धूळ बसते तसं दिसतंय," सासूबाई म्हणाल्या. लिपस्टिक ओठांवरच्या बारीक रेघांतून वर चढायला लागली. खारू पुसायची, परत लावायची, कमी लावायची, आणखी कमी लावायची. मी स्वयंपाकघरातून डोकावून तिच्या ओठाकडे बघायचे. तो अजून सरळ होता.

भांडण झालं ते एकाच गोष्टीवरून. दुकानात मेकअप अर्ध्याच चेहऱ्यावर करायचा होता. डावी बाजू रंगवायची, उजवी तशीच ठेवायची, म्हणजे गिऱ्हाइकाला फरक दिसतो.

"अर्धं काम?" सासूबाई खुर्चीत ताठ झाल्या. "आमच्याकडे अर्धा चेहरा कधी गेला नाही बाहेर. मालकांनी हाकलून दिलं असतं."

"आजी, तीच तर गंमत आहे. लोकांना दिसायला हवं ना."

"एक गाल लग्नाला निघालेला आणि एक गाल नुकता झोपेतून उठलेला. त्यात काय गंमत?"

"तासाभराचा प्रश्न आहे. नंतर पूर्ण करू."

"बघू," सासूबाई म्हणाल्या. त्यांचं 'बघू' कुठे जातं ते मला माहीत होतं. खारूला वाटलं, आजी तयार झाली.

त्या दिवशी मी यायचं नाही असं मला निक्षून सांगण्यात आलं होतं. "तू समोर उभी राहिलीस तर तुझं तोंड बघून गिऱ्हाईक डॉक्टरकडे जाईल," खारू म्हणाली. मी कबूल केलं. आजीला रिक्षाने पोहोचवून दारातूनच परत फिरायचं, असं ठरलं. पण दारातून आत बघितलं तर दुकान भरलेलं, मधोमध उंच खुर्ची, आणि खुर्चीत सासूबाई इतक्या लहान दिसत होत्या की माझा पाय निघेना. मी आत शिरले आणि शॅम्पूच्या फडताळामागे जाऊन उभी राहिले. तिथून बाटल्यांच्या फटीतून बरंच दिसत होतं.

सुरुवात छान झाली. खारूने आजीचा चष्मा काढून बाजूला ठेवला, केसांना पट्टा लावला आणि डाव्या बाजूला काम सुरू केलं. आधी क्रीम, मग त्वचेच्या रंगाचं अगदी पातळ काहीतरी, बोटाने थोपटत थोपटत. भोवती पाच-सात बायका जमल्या. हातात भाजीची पिशवी असलेल्या एक ठेंगण्या बाई सगळ्यांत पुढे होत्या आणि मोठ्याने सगळं सांगत होत्या, जणू मागच्यांना दिसतच नव्हतं. "आता भुवई. आता पापणी. अगं, डोळा केवढा मोठा दिसायला लागला." मॅडम हाताची घडी घालून खांबाशी उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, कारण त्यावर मेकअपच पुष्कळ होता.

डावी बाजू झाली. मला फटीतूनही फरक दिसत होता. सासूबाई तरुण झाल्या नव्हत्या. आठ दिवस कुठेतरी हवापालट करून आल्यासारख्या दिसत होत्या. त्या बाजूने. तेवढ्यात मॅडमनी खारूला हाक मारली. एका गिऱ्हाइकाला हवी ती छटा बाहेर संपली होती, ती आतल्या गोदामातून आणायची होती. "आजी, हलू नकोस हं," म्हणून खारू गेली.

सासूबाई हलल्या नाहीत. फक्त हात लांब केला.

समोर गोल आरसा होता, जवळचं मोठं करून दाखवणारा. चष्म्याशिवाय त्यांना लांबचा अख्खा चेहरा धूसर दिसत असणार. पण त्या आरशाला नाक लावलं तर बोटभर जागा स्वच्छ. बोटभर जागा बघत काम करायची तर त्यांना जन्माची सवय. ताटलीत भुवईची पेन्सिल होती. ती त्यांनी उचलली, टोक बोटावर फिरवून पाहिलं, नापसंतीने मान हलवली, तिथलंच टोकयंत्र घेऊन टोक काढलं. आणि उजव्या डोळ्याखाली काम सुरू केलं.

ओरडावं तर मी तिथे नव्हतेच. शॅम्पूची एक बाटली मी इतकी घट्ट धरली होती की तिचं झाकण उघडलं आणि शॅम्पू माझ्या हातावर सांडला.

"काय करताय आजी?" भाजीच्या पिशवीवाल्या बाईंनी विचारलं.

"उरलेली बाजू," सासूबाई म्हणाल्या. "या काय बारीक आहेत हो रेघा. तुम्ही आपलं बोला, माझा हात चालू राहतो."

आणि त्या गप्पा मारू लागल्या. त्या बाईंना कुठे राहता विचारलं, मुलं किती विचारलं, आणि हात आपला चालूच. डोळ्याखालच्या रेघांत टिंबं. नाकापासून ओठापर्यंतच्या खोल रेघेत टिंबं. कपाळावरच्या उजव्या अर्ध्या आठ्यांत टिंबं. कामात खोट काढायला जागा नव्हती. एकही रेघ सुटली नाही. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कुणालाच वाटेना आपण बोलावं. बहुतेक त्यांना वाटलं, ही नवी पद्धत असेल.

खारू डबी घेऊन बाहेर आली आणि जागच्या जागी उभी राहिली.

डावीकडे हवापालट करून आलेल्या बाई. उजवीकडे नद्यांचा नकाशा.

"आजी," ती हळूच म्हणाली, "हे काय केलंस?"

"पूर्ण केलं."

खारूने चष्मा आजीच्या हातात दिला. सासूबाईंनी तो लावला, आरसा लांब धरला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "हे तर उलटं झालं."

पहिल्यांदा भाजीच्या पिशवीवाल्या बाई हसल्या. मग सगळ्याच हसू लागल्या. वाईट हेतूने नाही, पण हसू थांबेना. मॅडम खांबापासून सुटून पुढे आल्या. माझं लक्ष मात्र खारूच्या तोंडाकडे होतं, आणि तिचा खालचा ओठ हळूहळू एका बाजूला ओढला जात होता. मला वाटलं, झालं. आता ती पट्टा काढेल, डबी ठेवेल आणि दारातून बाहेर पडेल. उद्या मी पुन्हा नातेवाइकांना सांगेन, तिला ते काम आवडलं नाही.

खारूने डबी ठेवली. ओठ चावला. मग बायकांकडे वळली.

"माझ्या आजीने आयुष्यभर स्टुडिओत निगेटिव्हवर काम केलंय," ती म्हणाली. "तिथे काळं केलं की गोरं होतं. काम अगदी बरोबर आहे तिचं. फक्त प्रिंट काढायची राहिलीये."

"काहीतरीच काय सांगतेस," सासूबाई ताबडतोब म्हणाल्या. "याची प्रिंट काढली तर विजा चमकतील माझ्या तोंडावर."

"का गं?"

"आधीच काळ्या असलेल्या रेघा मी आणखी काळ्या केल्या. उलटं केलंस की पांढऱ्याशुभ्र होणार. करून बघ."

खारूने फोन काढला, आजीचा फोटो घेतला आणि रंग उलटे केले. बायका तिच्या खांद्यावरून वाकल्या. काळवंडलेल्या चेहऱ्यावर उजवीकडे खरोखरच विजा चमकत होत्या, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

"सांगितलं नव्हतं?" सासूबाई म्हणाल्या, अगदी समाधानाने. आपली फजिती झाली आहे हे त्या विसरल्या होत्या. अंदाज बरोबर आला यातच खूश होत्या. "आता कसं, आता ही खरी निगेटिव्ह झाली. या विजा भरायच्या असतात."

फोन हातोहात फिरला. पिशवीवाल्या बाई म्हणाल्या, "म्हणजे माझ्या लग्नाआधीच्या फोटोत मुरुमं नाहीत, ती अशी कुणीतरी बुजवली म्हणायची. मी आपली घरात सगळ्यांना सांगते, माझी कातडी पहिल्यापासून चांगली."

"सांगत राहा," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही कुणाचं फोडत नाही."

हसणं चालू असतानाच खारू कामाला लागली होती. कापसाच्या चकतीवर मेकअप काढायचं पाणी घेतलं, आजीच्या डोळ्याखाली ठेवलं आणि नुसतं धरून ठेवलं. "घासायचं नाही," ती बायकांना म्हणाली. "या वयात कातडी ओढली की ती परत जाग्यावर यायला नखरे करते. धरायचं, थांबायचं, मग खाली आणायचं." चकती खाली आली आणि नद्यांचा एक अख्खा प्रदेश तिच्यासोबत आला. खालची कातडी लालसुद्धा झाली नव्हती. दुसरी चकती, तिसरी. मेकअप करताना जमल्या नव्हत्या तेवढ्या बायका पुसताना जमल्या.

"ते पुसायचं कुठलं गं?" पिशवीवाल्या बाईंनी विचारलं. "मी रोज ओल्या टॉवेलने खसाखसा पुसते."

"आणि ते सुरकुत्यांचं रात्रीचं क्रीम?" मागून कुणीतरी विचारलं. "त्याने जातात का सुरकुत्या?"

मॅडम अगदी खारूच्या मागे उभ्या होत्या. खारूने त्यांच्याकडे पाहिलं, मग आजीकडे. माझ्या हातावरचा शॅम्पू कोपरापर्यंत ओघळला होता.

"जात नाहीत," खारू म्हणाली. "आजी रोज लावते, तिच्या आहेत तिथेच आहेत. पण कोरडेपणा जातो. गालाला हात लावून बघा हवं तर."

आणि सासूबाईंनी खरोखर गाल पुढे केला. दोघीतिघींनी हात लावला. एक म्हणाली, "खरंच की." ज्या बाईने विचारलं होतं तिने क्रीमची डबी उचललेली मॅडमनी पाहिली. मीही पाहिली.

"तू ये बाहेर आता शॅम्पूमागून," सासूबाई एकदम मोठ्याने म्हणाल्या. "चष्मा लावल्यापासून दिसते आहेस मला. आणि हात धू."

खारूने वळून पाहिलं. मला वाटलं रागावेल. पण तिने नुसता कपाळावर हात मारला आणि कामाकडे वळली.

गर्दी ओसरल्यावर मॅडम आमच्याजवळ आल्या. "आजी, तुम्ही पुन्हा या," त्या म्हणाल्या, "पण पेन्सिलीला हात लावणार नाही असं कबूल करून या." मग खारूकडे वळल्या. "पुसायचं पाणी संपलंय, उद्या आल्याआल्या मागव. आणि तो बिल्ला काढून दे इकडे. नावाचा करून घेऊ."

खारूने बिल्ला काढला, पण लगेच दिला नाही. आधी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "जेवलीस का?"

"आई, जा आता घरी," ती म्हणाली. हसत होती.

तिचं काम संध्याकाळपर्यंत होतं, म्हणून सासूबाई आणि मी बसथांब्यावर येऊन उभ्या राहिलो. त्यांची डावी बाजू अजून हवापालट करून आलेली होती, उजवी पुसून मोकळी. लोक वळून बघत होते. त्यांना पर्वा नव्हती. हातात मॅडमनी बक्षीस दिलेली रात्रीच्या क्रीमची डबी होती आणि त्या तिचं झाकण उघडून उघडून वास घेत होत्या. मी दुकानाच्या काचेकडे बघत होते. आत खारू अजून उभीच होती. आल्यापासून एकदाही बसली नव्हती.

"आई," मी म्हणाले, "हे सगळं उभ्याने करायचं काम आहे हो. रोज दिवसभर. पाय जातील पोरीचे."

सासूबाईंनी डबीचं झाकण लावलं.

"मी सगळं आयुष्य बसून काम केलं, माझी पाठ गेली. ही उभ्याने करेल, हिचे पाय दुखतील. कुठल्या अवयवाची काळजी करायची ते घरी जाऊन निवांत ठरव," त्या म्हणाल्या. "आत्ता बस आलीये, तिला हात दाखव."